बिनव्याजी कार्ड, चुकलेली तारीख आणि सुप्याचे रोखे

गेल्या महिनाभरात ओळखीच्या तिघांनी क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट मला व्हॉट्सअॅपवर पाठवलं. प्रश्न एकच. "भाऊ, कार्ड तर बिनव्याजी होतं, मग हे व्याज कुठून आलं?"

उत्तरासाठी थोडं मागे जाऊ. थेट १८७५ ला.

अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ ला संपलं आणि आपल्याकडचा कापसाचा भाव पडला. त्यात सरकारने शेतसारा वाढवला. शेतकरी सावकाराच्या दारात गेला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे साध्या रोख्यावर तीन वर्षांतच दावा करता येत होता. हेतू कुळाला वाचवायचा, झालं उलटं. मुदत संपायच्या आत सावकार नवा रोखा लिहून घ्यायचा. थकलेलं व्याज मुद्दलात जायचं आणि पुढचं व्याज त्या फुगलेल्या मुद्दलावर.

१२ मे १८७५ ला सुप्याला (आजचा बारामती तालुका) लोक उठले. लोण पुणे-नगर भागात पसरलं. लोकांचा राग मुख्यतः कागदांवर होता. रोखे, हुकूमनामे हिसकावले आणि जाळले.

सरकारने चौकशी आयोग नेमला. १८७९ ला दख्खन शेतकरी कायदा आला. न्यायाधीशाने रोख्यावरचा आकडा तसाच धरायचा नाही, हिशोब मुळापासून तपासायचा, असं त्यात ठरलं. दामदुपटीचा जुना नियम तर होताच: एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करायचं नाही. २०१४ च्या राज्याच्या सावकारी कायद्यातही मुद्दलापेक्षा जास्त व्याज घ्यायला बंदी आहे.

पण बँका या सावकारी कायद्यात येत नाहीत. उलट १९८४ पासून बँकिंग कायद्यात कलम २१अ आहे. व्याजदर जास्त आहे एवढ्या कारणावरून कोर्ट बँकेचा हिशोब उघडू शकत नाही. २००८ ला राष्ट्रीय ग्राहक आयोगाने ३० टक्क्यांच्या वर कार्डाचं व्याज घेणं गैर ठरवलं होतं. २० डिसेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने तो निकालही रद्द केला.

आता कार्डाकडे या. पंचेचाळीस-पन्नास दिवस बिनव्याजी, हे खरं. पण अट आहे: बिल पूर्ण आणि तारखेच्या आत भरायचं. समजा २०,००० चा मोबाइल घेतला आणि 'मिनिमम' म्हणून १,००० भरले. लेट फी लागणार नाही, पण बिनव्याजी सवलत गेली. व्याज खरेदीच्या दिवसापासून लागतं. महिना साडेतीन टक्के दर धरला तर १९,००० वर ६६५ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी. झाले साधारण ७८५. पुढच्या महिन्यात भरलेल्या हजारातले जेमतेम दोनशे मुद्दलात जातील. वर नव्या खरेदीवर, अगदी किराण्यावरही, पहिल्या दिवसापासून व्याज.

तारीखच हुकली तर? रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे तीन दिवस उलटल्यावरच लेट फी लावता येते आणि सिबिलकडे थकबाकी कळवता येते. न भरलेली फी आणि कर मुद्दलात मिळवून त्यावर व्याज लावायलाही २०२२ पासून मनाई आहे. स्टेटमेंटमध्ये हे तपासा. चुकीचं दिसलं तर बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, फुकट आहे.

पूर्ण बिल भरणं जमत नसेल तर निदान कार्ड घासणं थांबवा. सुप्याच्या शेतकऱ्याला जुन्या रोख्यातून सुटायला नवा रोखा लिहून द्यावा लागत होता. आपल्यावर तशी सक्ती कुणाची नाही.