हिरडीची जखम आणि जनुकांची मोजणी : एका संशोधनाचा इतिहास

जेवताना गालाचा आतला भाग दाताखाली आला, तर तुम्ही दोन दिवस तिखट टाळता आणि चौथ्या-पाचव्या दिवशी जखम विसरूनही जाता. तेवढाच काप बोटाला गेला तर खपली धरते, ओढते, कधी व्रणही राहतो. शरीर एकच, रक्त तेच, पेशींमधली जनुकेही तीच. शिवाय तोंड सतत ओले आणि जंतूंनी भरलेले. मग तिथली जखम आधी का भरावी? या प्रश्नाचे उत्तर मोजमापाच्या साधनांसाठी कसे थांबून राहिले, हे या टिपणात पाहू. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो, त्यामुळे माझे लक्ष साधनांकडे जरा जास्त जाईल.

सुरुवात १९६५ पासून करू. डेन्मार्कमधील आर्हुस येथे हाराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी १२ निरोगी व्यक्तींना दात घासणे बंद करायला सांगितले. त्यांत बरेचसे दंतवैद्यकाचेच विद्यार्थी होते. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. ब्रश पुन्हा हाती दिल्यावर साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. दातांवरचा जंतूंचा थर हेच हिरडीच्या दाहाचे कारण, हे इतक्या साध्या प्रयोगाने सिद्ध झाले. पण हिरडीच्या आत काय घडत होते, ते बघायला सूक्ष्मदर्शकापलीकडे फारसे काही हाताशी नव्हते.

इथे एक संकल्पना पक्की करून घ्या. शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांचा पूर्ण संच असतो, पण प्रत्येक पेशी त्यातली काहीच जनुके वाचते. वाचलेल्या जनुकाची आरएनए प्रत तयार होते. कोणत्या जनुकाच्या किती प्रती निघाल्या, हे मोजणे म्हणजे जनुक-अभिव्यक्ती मोजणे. १९७७ मध्ये आलेल्या नॉर्दर्न ब्लॉट पद्धतीने हे जमू लागले, पण एका वेळी एकाच जनुकासाठी. म्हणजे कोणते जनुक महत्त्वाचे, याचा अंदाज आधीच हवा.

ही अडचण १९९५ मध्ये स्टॅनफर्डला सुटली. मार्क शेना, पॅट्रिक ब्राउन आणि सहकाऱ्यांनी काचेच्या पट्टीवर डीएनएचे बारीक ठिपके छापले आणि रंगीत प्रकाश देणाऱ्या खुणा लावून एकदम ४५ जनुके मोजली. ती माणसाची नव्हती, एका छोट्या रोपट्याची होती. दोन नमुन्यांना दोन रंग द्यायचे आणि प्रत्येक ठिपक्यावर त्यांचे गुणोत्तर काढायचे. तुमच्या प्रयोगशाळेतल्या तुलनात्मक मापनाचेच हे भावंड.

चारच वर्षांनी, १९९९ मध्ये, याच साधनाने जखमेचे दार अनपेक्षितपणे उघडले. हा भाग मला सर्वांत आवडतो. विश्वनाथ अय्यर आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या त्वचेतल्या फायब्रोब्लास्ट पेशी आधी जवळजवळ उपाशी ठेवल्या, मग त्यांना सीरम दिले आणि पुढचे २४ तास सुमारे ८६०० जनुकांचा मागोवा घेतला. सीरम हे प्रयोगशाळेत पेशी वाढवण्याचे नेहमीचे खाद्य. त्यामुळे विभाजनाची जनुके जागी होणार, ही अपेक्षा होती. ती झालीच, पण रक्त गोठण्याशी, दाहाच्या पेशींना बोलावण्याशी, नव्या रक्तवाहिन्यांशी संबंधित जनुकेही जागी झाली. असे का? सीरम म्हणजे गोठलेल्या रक्तातून सुटलेला द्रव. ऊतीतल्या फायब्रोब्लास्टची त्याच्याशी एरवी गाठ पडत नाही, ती पडते जखम झाल्यावर. आपण ज्याला खाद्य म्हणत होतो, ती त्या पेशीच्या दृष्टीने जखमेची वर्दी होती! निवडक जनुकेच मोजली असती तर हे दिसले नसते.

हिरडीकडे हे तंत्र वळले. २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील पापापानू यांच्या गटाने ९० रुग्णांच्या हिरड्यांतील रोगट आणि निरोगी जागांचे नमुने तपासले. हजारो जनुकांत फरक सापडला. पण जरा थांबा. रोगट हिरडीत दाहाच्या पेशींची गर्दी झालेली असते. एखाद्या जनुकाचा आकडा वाढला, तो त्या जनुकाचे वाचन वाढल्यामुळे की ते वाचणाऱ्या पेशींची संख्या वाढल्यामुळे? सोसायटीच्या मुख्य मीटरवर वापर वाढलेला दिसतो. कोणी एसी लावला की चार नवी बिऱ्हाडे आली, हे त्यावरून कळत नाही. जुने निबंध वाचताना ही शंका जवळ ठेवा. दुसऱ्याच वर्षी ऑफेनबाखर यांच्या गटाने आर्हुसच्या प्रयोगाची कल्पना पुन्हा वापरली आणि दाह चढताना व उतरताना त्याच व्यक्तींच्या हिरडीतली जनुके मोजली. माणूस तोच राहिल्याने माणसामाणसांतला फरक आड येत नाही, हा त्या रचनेचा मोठा गुण.

आता सुरुवातीचा प्रश्न. २०१८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांतील संशोधकांनी ३० निरोगी स्वयंसेवकांच्या गालाच्या आत आणि दंडावर सारख्याच छोट्या जखमा करून तुलना केली. गाल कितीतरी लवकर भरला. खरी गंमत जखम होण्यापूर्वीच्या नमुन्यांत होती : दुरुस्तीची पुष्कळ जनुके तोंडात आधीपासूनच चालू होती. त्यामागे सॉक्स२ आणि पिटएक्स१ ही नियंत्रक प्रथिने दिसली. नुसता सहसंबंध दाखवून ते थांबले नाहीत. उंदराच्या त्वचेत सॉक्स२ चालू केल्यावर तिथली जखमही लवकर भरली.

मुख्य मीटरची अडचण मात्र एकेका पेशीतला आरएनए वेगळा मोजता येऊ लागल्यावरच हलली. २०२१ मध्ये मुत्सोपुलोस यांच्या गटाने तोंडाच्या अस्तराचा पेशीनिहाय नकाशा प्रसिद्ध केला. हिरडीत न्यूट्रोफिल पेशींना बोलावण्याचे काम फायब्रोब्लास्टसारख्या आधारपेशीही करतात, असे त्यात आढळले. या दोन अभ्यासांची तुलना करताना एक गोष्ट नजरेतून सुटू देऊ नका : २०१८ चा नमुना गालाच्या आतला होता, हिरडीचा नव्हे. हिरडी दाताला आणि हाडाला घट्ट चिकटलेली, चावण्याचा दाब रोज सोसणारी. २०२१ च्या नकाशात गाल आणि हिरडी वेगवेगळे ठेवले आहेत, ते याचसाठी.