तीस यार्डांचें वर्तुळ

आमच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव परवां सुटींत आमच्या घरीं आले होते. वय वर्षें वीस, शिक्षण स्थापत्यशास्त्राचें, आणि क्रिकेटचें ज्ञान असें कीं त्यांच्यासमोर आमच्यासारख्यानें तोंड उघडूं नये. आमच्या कपाटांतील एक जुनें धांवफलकांचें पुस्तक चाळतां चाळतां ते एकाएकीं हसले. पान होतें ७ जून १९७५ चें, पहिल्या विश्वचषकाच्या पहिल्या दिवसाचें. लॉर्ड्सच्या मैदानावर इंग्लंडनें साठ षटकांत ४ बाद ३३४ धांवा केल्या. उत्तरादाखल भारतानें तितक्याच षटकांत केल्या ३ बाद १३२. गावसकर १७४ चेंडू खेळून ३६ धांवांवर नाबाद. "काका, ही छापखान्याची चूक ना?" असें त्यांनीं विचारलें. नाहीं म्हणतांच, "मग घाबरले असतील," असा निकाल देऊन ते चहास उठून गेले.

तो निकाल आमच्या मनांत कांहीं दिवस सलत राहिला. मागल्या पिढीची चाल आजच्या मापानें मोजूं नये, असें आम्ही वर्गांत कित्येक वर्षें सांगत आलों. घरांत तेंच सांगावयाचें तर पुरावा हवा. तो जमवितांना आम्हांस असें दिसून आलें कीं, एकदिवसीय क्रिकेटमधील फलंदाजीचा इतिहास हा बव्हंशीं मैदानावरील मोकळ्या जागेचा इतिहास आहे. गोलंदाज व यष्टिरक्षक वगळतां नऊ गडी उरतात. त्यांनीं कोठें उभें रहावें हें ज्या ज्या वेळीं बदललें, त्या त्या वेळीं फलंदाजाच्या धैर्याची व्याख्याहि बदलली.

कसोटी सामना जिंकावयाचा तर वीस गडी बाद करावे लागतात. त्यासाठीं झेल घेणारे गडी फलंदाजाजवळ आणावे लागतात, आणि ते जवळ आले कीं मागचें रान आपोआप मोकळें होतें. तेथें कायद्याला फारसें बोलावें लागलें नाहीं. जिंकण्याचा लोभच कप्तानाला आवरी. ५ जानेवारी १९७१ रोजीं मेलबर्न येथें, पावसानें कसोटी वाहून गेल्यामुळें, इंग्लंड व ऑस्ट्रेलिया यांनीं आठ चेंडूंच्या चाळीस षटकांचा एक सामना खेळून घेतला, आणि आंतरराष्ट्रीय एकदिवसीय क्रिकेट जन्मास आलें. या नव्या खेळांत ती गांठ सुटली. येथें गडी बाद करण्याची सक्तीच नाहीं. धांवा अडविल्या कीं काम झालें. तेव्हां शहाण्या कप्तानानें आपले लोक सीमारेषेकडे धाडावे यांत नवल तें काय?

याची परमावधि माइक ब्रिअर्ली या विद्वान कप्तानानें केली. १९७९ च्या जून महिन्यांत विश्वचषकाच्या अंतिम सामन्यांत वेस्ट इंडीजच्या २८६ धांवांचा पाठलाग करतांना ते स्वतः बॉयकॉटसह सलामीस आले व दोघांनीं १२९ धांवांची भागी केली. पण त्यांत अडतीस षटकें खर्चीं पडलीं. उरलेल्या बावीस षटकांत १५८ धांवा काढण्याच्या घाईंत इंग्लंडचे शेवटचे आठ गडी अकरा धांवांत गारद झाले. गडी हातांत राखावे व अखेरीस तुटून पडावें, हें त्या काळचें सर्वमान्य तत्त्व होतें. तें येथें तोंडघशीं पडलें. त्याच वर्षीं २८ नोव्हेंबरला सिडनी येथें तोच संघ पुन्हां समोर होता. शेवटच्या चेंडूवर वेस्ट इंडीजला तीन धांवा हव्या होत्या. ब्रिअर्लीनें एकूण एक गडी, यष्टिरक्षकासुद्धां, सीमारेषेवर उभा केला. बोथमनें चेंडू टाकला, क्रॉफ्टचा त्रिफळा उडाला, आणि इंग्लंड जिंकलें. नियम एकहि मोडला नव्हता. प्रेक्षकांना मात्र फसविल्यासारखें वाटलें.

पुढल्याच हंगामांत, म्हणजे १९८०-८१ मध्यें, ऑस्ट्रेलियांत अधिकृत सामन्यांच्या मैदानावर वर्तुळ उमटलें. कल्पना अगदीं नवी नव्हती. पॅकर यांच्या बंडखोर सामन्यांत ती आधींच वापरून झाली होती. वर्तुळ हा शब्दहि तितकासा खरा नाहीं. दोन्हीं टोकांच्या मधल्या यष्टीपासून तीस यार्डांच्या त्रिज्येचीं दोन अर्धवर्तुळें काढून तीं सरळ रेषांनीं जोडतात, म्हणजे आकृति लांबट होते. १९८३ च्या विश्वचषकांत चार गडी सदैव या रेषेच्या आंत असावेत असें ठरलें. १९९२ च्या विश्वचषकांत पहिल्या पंधरा षटकांपुरते बाहेर दोनच गडी उरले.

आमच्या मतें खरा मौजेचा भाग येथून पुढें आहे. कायद्यानें जागा मोकळी केली म्हणून ती लगेच दिसतेच असें नाहीं. १९९२ सालीं न्यूझीलंडचा ग्रेटबॅच, जॉन राइटला दुखापत झाली म्हणून, सलामीस आला आणि वेगवान गोलंदाजांना डोक्यावरून भिरकावूं लागला. जवळच्या गड्यांच्या डोक्यावरून चेंडू गेला कीं मागें धरावयास कोणी नाहीं, हें साधें गणित! त्याच संघाच्या मार्टिन क्रो या कप्तानानें या गणिताचें उत्तरहि काढून ठेवलें होतें. दीपक पटेल या फिरकी गोलंदाजाच्या हातीं त्यानें नवा चेंडू दिला, कारण संथ चेंडूला वेग फलंदाजानेंच द्यावा लागतो. २७ मार्च १९९४ रोजीं ऑकलंड येथें सिद्धूची मान अवघडली, आणि अजित वाडेकर व्यवस्थापक असलेल्या भारतीय संघांतून सचिन तेंडुलकर प्रथमच सलामीस गेला. ४९ चेंडूंत ८२ धांवा. एकाची दुखापत, दुसऱ्याची अवघडलेली मान! मोठे शोध किती क्षुल्लक कारणांनीं लागतात पहा.

श्रीलंकेनें मात्र हें योगायोगावर सोडलें नाहीं. रणतुंगाच्या संघानें जयसूर्या व कालुवितरणा या दोघां टोलेबाजांना हेतुपुरस्सर पुढें काढलें. ते लौकर बाद झाले तरी मागें गुरुसिन्हा, डिसिल्वा, महानामा हे डाव सांवरणारे होतेच. सलामीचा गडी स्वस्तांत गेला तरी चालेल, ही कल्पनाच पूर्वींच्या शास्त्राला पाखंड वाटली असती. २ मार्च १९९६ रोजीं दिल्लीस भारतानें तेंडुलकरच्या १३७ धांवांच्या बळावर ३ बाद २७१ केल्या होत्या. श्रीलंकेनें पहिल्या तीन षटकांतच ४२ धांवा लुटल्या. मनोज प्रभाकर हा मध्यमगति गोलंदाज अखेरीस फिरकी टाकूं लागला. चार षटकांत ४७ धांवा देऊन त्याची आंतरराष्ट्रीय कारकीर्द त्या दिवशीं संपली. त्या वेळीं आम्ही दूरदर्शनसमोर बसलों होतों आणि गोलंदाजाला दोष देत होतों. दोष त्याचा नव्हता; सीमारेषेवर त्याला दोनच माणसें ठेवतां येत होतीं.

यापुढील कायद्यांची वळणें फार आहेत. २००५ सालीं पॉवरप्ले आला. २००८ मध्यें त्यांतील पांच षटकें निवडण्याचा अधिकार फलंदाजांना मिळाला, आणि या दानानें कित्येकांचा घात केला. १२ मार्च २०११ रोजीं नागपूरजवळच्या जामठ्याच्या मैदानावर भारत १ बाद २६७ वर असतां हीं षटकें घेतलेलीं होतीं; त्यांतच डाव कोसळूं लागला, नऊ गडी २९ धांवांत गेले, व सामनाहि गेला. २०१२ मध्यें एरवींहि बाहेर चारच गडी ठेवण्याचें बंधन आलें. पांचवा गडी आंत ओढल्यावर कप्तानाला कोठलें तरी एक दार उघडें टाकावें लागे. तें बहुधा यष्टिरक्षकाच्या मागच्या अंगाचें असे, आणि फलंदाज गुडघा टेकून चेंडू खांद्यावरून मागें उचलूं लागले. रोहित शर्माच्या २६४ धांवा (१३ नोव्हेंबर २०१४, कलकत्ता) याच काळांतल्या. २०१५ मध्यें शेवटच्या दहा षटकांसाठीं पांचवा गडी गोलंदाजाला परत मिळाला. ज्या सुधारणा समतोलासाठीं म्हणून झाल्या त्यांतील बहुतेक फलंदाजाच्याच पथ्यावर पडल्या, हें आम्हांस कांहींसें खटकतें. गोलंदाज हाहि पैसे देऊन पहावा असा कलावंत आहे.

आतां चिरंजीवांच्या निकालाकडे वळूं. १९७५ सालीं वर्तुळ नव्हतें, एवढ्यावर आम्ही सुटूं पहात होतों. पण त्याच मैदानावर, त्याच दिवशीं, त्याच नियमांखालीं एमिसनें १३७ धांवा काढल्या होत्या. तेव्हां तो बचाव टिकत नाहीं, हें आम्हीं कबूल केलें. मग त्यांच्यापुढें दुसरें पान उघडलें : ३१ ऑक्टोबर १९८७, पुन्हां नागपूर, मात्र शहरांतलें जुनें मैदान. गटांत ऑस्ट्रेलियाच्या वर जावयाचें तर न्यूझीलंडविरुद्ध २२२ धांवांचें लक्ष्य बेचाळीस षटकांच्या आसपास गांठणें भाग होतें. पंधरा षटकांचा नियम विश्वचषकांत यावयास अजून पांच वर्षें होतीं. अंगांत ताप असलेल्या गावसकरांनीं ८८ चेंडूंत नाबाद १०३ केल्या, आणि तेहतिसाव्या षटकांत सामना संपला. त्यांचें एकदिवसीय सामन्यांतलें हें एकमेव शतक.

चिरंजीवांनीं तें पान दोनदां वाचलें. "म्हणजे हें त्यांना पूर्वींहि जमलें असतें," असें ते हळूच म्हणाले, आणि पुढलें पान त्यांनींच उलटलें. तें होतें मुंबईच्या उपांत्य सामन्याचें : ५ नोव्हेंबर १९८७, गावसकर, त्रिफळा डिफ्रीटस, ४. त्या पानापुढें त्यांचें नांव कोठेंच आढळत नाहीं.