दूरनियंत्रकाचे संकेत आणि त्यांची नावे

दूरनियंत्रक ‘आवाज वाढव’ असे सांगत नाही. तो केवळ अंक पाठवितो. फिलिप्सच्या आरसी-५ पद्धतीत अवरक्त किरणांच्या ३६ किलोहर्ट्‌झ स्पंदनांवरून १४ द्वयंकांचा संदेश जातो. त्याला अर्थ देण्याचे कार्य लिनक्स संगणकावर प्रथम ‘लिर्क’ या आज्ञावलीने केले. अनोळखी यंत्राची एकेक कळ दाबून संकेत नोंदवावा व कळीला नाव द्यावे, ही तिची रीत. बोलीच्या क्षेत्राभ्यासाहून ती फारशी निराळी नव्हे. प्रारंभी हे नाव वापरणाऱ्याच्या मर्जीचे असे. २०१० च्या सुमारास विसंकेतन कर्नेलमध्येच आले. सोय वाढली खरी. परंतु नामकरणाचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न २०२३ मध्ये उस्मानाबादचा धाराशिव झालेल्या जिल्ह्यातील अभ्यासकास क्षुल्लक वाटणार नाही. कर्नेलच्या सूचीत आवाज वाढविणारी कळ ‘की व्हॉल्यूमअप’ याच इंग्रजी नावाने नोंदलेली आहे.