दारचा दिवा : कर्तव्य, हक्क आणि मर्यादा

घराबाहेर रात्रभर दिवा जळत ठेवला म्हणजे घर सुरक्षित राहते, ही समजूत इतकी रूढ झाली आहे की तिलाही काही इतिहास असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. लंडन व पॅरिस या नगरांतील दिवाबत्तीचा वृत्तांत पाहता असे दिसते की, दारचा दिवा हा आरंभी नगराने गृहस्थावर लादलेले कर्तव्य होते, आणि त्या कर्तव्यास काळाची मर्यादा होती.

१४१७ साली लंडनचा महापौर हेन्री बार्टन याने हिवाळ्यातील रात्री घराबाहेर कंदील टांगण्याचा हुकूम काढला. १७१६ च्या नियमान्वये रस्त्यालगतच्या प्रत्येक गृहस्थाने अंधाऱ्या रात्री ६ पासून ११ पर्यंत दिवा लावावयाचा होता; कसूर केल्यास १ शिलिंग दंड होई. चोरीचे भय ज्या प्रहरी विशेष, त्या मध्यरात्रीनंतर दिव्याची सक्ती नव्हती. यावरून हा दिवा घराच्या रक्षणापेक्षा वाटसरूच्या सोयीसाठी असावा, असे अनुमान करता येते.

पॅरिसमध्ये दिव्यास निराळा अर्थ प्राप्त झाला. १६६७ साली नव्याने निर्माण झालेल्या पोलीसप्रमुखाच्या पदावर ला रेनी याची नेमणूक झाली, आणि त्याच्या अमदानीत रस्त्यांवर दोरांनी कंदील टांगले गेले. त्यांचा खर्च नागरिकांकडून कररूपाने वसूल होई. प्रकाश हे आता पाळतीचे साधन ठरले. १८३० च्या जुलै क्रांतीत लोकांनी हे कंदील फोडले, त्याचे मर्म वोल्फगांग शिव्हेलबुश या जर्मन इतिहासकाराने याच संबंधात शोधले आहे.

लंडनमध्ये १७३६ च्या कायद्याने गृहस्थाच्या कर्तव्याची जागा दिवाबत्तीच्या कराने घेतली आणि दिवे सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत जळू लागले. १८०७ साली पॉल मॉल रस्त्यावर वायूचे दिवे दिसले. मुंबईत ते १८६५ साली आले. पुढे विसाव्या शतकात वीज स्वस्त झाली तेव्हा दिवा पुन्हा दारी आला, परंतु या वेळी खाजगी हक्क म्हणून. जुनी मर्यादा मात्र त्याच्याबरोबर परत आली नाही. प्रकाशप्रदूषणाचे एक मूळ येथे आहे.

या दिव्याने सुरक्षितता खरोखर वाढते काय? २००२ साली फॅरिंग्टन व वेल्श यांनी केलेल्या समालोचनात सुधारित दिवाबत्तीमुळे गुन्हे घटल्याचे आढळले. परंतु घट दिवसाच्या गुन्ह्यांतही होती. २०१५ साली इंग्लंड व वेल्समधील ६२ स्थानिक संस्थांच्या अभ्यासात दिवे कमी केल्याने गुन्हे वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. उलट २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या न्यूयॉर्कमधील सार्वजनिक वसाहतींच्या प्रयोगात प्रखर दिव्यांमुळे रात्रीचे गंभीर गुन्हे लक्षणीय प्रमाणात घटलेले दिसले. सारांश, प्रकाशाचा परिणाम स्थळसापेक्ष आहे. ‘जितका अधिक प्रकाश तितकी अधिक सुरक्षितता’ हे सूत्र यांतून सिद्ध होत नाही.

मर्यादेचा विचार पुन्हा उदयास आला तो आकाशनिरीक्षणातून. लॉवेल वेधशाळेचे नगर असलेल्या अमेरिकेतील फ्लॅगस्टाफने १९५८ साली शोधदिव्यांवर निर्बंध घातले. महाराष्ट्रातील पेंच व्याघ्रप्रकल्पास २०२४ साली भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली.

दिवा कोणासाठी, कोणत्या ऋतूत आणि किती वाजेपर्यंत, हे प्रश्न पंधराव्या व अठराव्या शतकांतील लंडनच्या नगरशासकांनी विचारले होते. प्रकाश खाली रस्त्यावर पडतो की वर आकाशात जातो, हा चौथा प्रश्न तेवढा आपण त्यांत घालावयाचा आहे.