‘रत्नागिरी’ हा शब्द पडद्यावर कोणी जुळवायचा?

१९२४ ते १९३७ या काळात सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध होते. तेथून त्यांनी भाषाशुद्धीबरोबर नागरी लिपीच्या सुधारणेचाही पुरस्कार केला. छापखान्यातील खिळ्यांचा पसारा आटोक्यात यावा, हा त्यामागील एक हेतू. यंत्रासाठी लिपीने बदलावे, असा तो काळ. संगणकावर प्रश्न उलटा झाला: लिपीसाठी यंत्राने बदलायचे, पण यंत्राच्या कोणत्या भागाने?

‘रत्नागिरी’ हाच शब्द घ्या. युनिकोडमध्ये तो नऊ चिन्हांचा. पाय मोडलेला ‘त’ आणि ‘न’ यांचे जोडाक्षर करायचे. ‘गि’ची वेलांटी साठवली जाते ‘ग’नंतर, काढायची मात्र त्याच्या आधी.

लिनक्सवर पडदा रंगवणारी एक्स विंडो व्यवस्था १९८४ मध्ये एमआयटीत जन्मली. तिच्यात क्लायंट, म्हणजे वापरातला प्रोग्रॅम, फक्त मजकूर आणि जागा सांगे. अक्षरे रेखाटण्याचे काम सर्व्हरचे. इंग्रजीला एवढे पुरे.

मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीने ‘इंडिक्स’ प्रकल्पात देवनागरीची जुळणी या सर्व्हरमध्येच बसवली. हिशेब मोहक होता: दुरुस्ती एके ठिकाणी, आणि जुने प्रोग्रॅम न बदलता मराठी दिसणार. याच संस्थेतील र. कृ. जोशी यांनी ‘रघु’ हा खुला टंक घडवला.

वारे मात्र उलट दिशेने वाहत होते. मार्च २००० च्या एक्सफ्री८६ ४.० पासून त्रिमितीय चित्रांसाठी क्लायंट थेट ग्राफिक्स कार्डाशी बोलू लागला. सर्व्हरमार्फत जाणारी जुनी वाट ‘अप्रत्यक्ष चित्रण’ ठरली. मजकुराचेही तेच झाले. कीथ पॅकार्ड यांच्या रेंडर विस्तारात क्लायंट अक्षराकृती एकदाच सर्व्हरकडे सोपवतो, पुढे फक्त ‘ही आकृती इथे’ एवढेच सांगतो. ठसे उमटवण्याचे हे काम कार्डाकडून झपाट्याने करून घेता येते.

इंडिक्सची खरी अडचण वेगाची नव्हतीच. कर्सर जोडाक्षराच्या कोणत्या बाजूला थांबवावा, ओळ कुठे मोडावी, हे प्रोग्रॅमलाच ठरवावे लागते. जुळणीचे ज्ञान सर्व्हरकडे असेल तर प्रत्येक वेळी त्यालाच विचारणे आले. शिवाय बदललेला सर्व्हर प्रत्येक संगणकावर हवा. पँगो आणि क्यूटी यांनी जुळणी क्लायंटमध्ये केली, आणि तीच वाट रूढ झाली.

आज फायरफॉक्स किंवा लिबरऑफिसमध्ये ‘रत्नागिरी’ जुळवते ती ‘हार्फबझ’ नावाची मुक्त प्रणाली. हे नाव म्हणजे ‘ओपनटाइप’चे फारसी रूपांतर, त्यातला ‘हर्फ’ भाषाशुद्धीच्या चाळणीतून गळालाच असता.