शाश्वत उद्योजकता: विद्यार्थ्यांना पटते, मग पाऊल कुठे अडते?

नफा कमावतानाच पर्यावरण आणि समाजाचेही भले साधणारा व्यवसाय म्हणजे शाश्वत उद्योजकता. कल्पना आवडली, तरी विद्यार्थी त्यात उतरतीलच असे नाही. असे का?

हे समजून घेण्यासाठी संशोधक अनेकदा मानसशास्त्रज्ञ आइसेक आयझेन यांचा १९९१ मधील 'नियोजित वर्तनाचा सिद्धांत' वापरतात. त्यानुसार माणसाचा इरादा तीन गोष्टींवर ठरतो:

• दृष्टिकोन: मला हे पटते का?
• सामाजिक दबाव: घरचे आणि मित्र काय म्हणतील?
• क्षमतेची जाणीव: मला हे जमेल का?

प्लास्टिकच्या पिशव्यांपासून बूट बनवणाऱ्या 'थैली' ब्रँडचे उदाहरण घ्या. आशय भावे यांनी दुबईत शिकत असताना ही कल्पना २०१९ मध्ये विद्यापीठाच्या स्टार्टअप स्पर्धेत मांडली. २०२१ मध्ये बूट बाजारात आले. एका जोडीसाठी साधारण १० पिशव्या आणि १२ बाटल्या लागतात.

म्हणजे पर्यावरणावरच्या व्याख्यानाने फार तर पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळते. कॅम्पस प्लेसमेंट सोडायची, तर घरच्यांचा पाठिंबा लागतो. 'जमेल' हा विश्वास मात्र कल्पना मांडायला मंच, मार्गदर्शक आणि थोडे भांडवल मिळाले की वाढतो. विद्यापीठे सर्वाधिक मदत करू शकतात, ती इथेच.