लष्करी बंदूक, वऱ्हाडचा कास्तकार आणि दीडशे वर्षांचा कायदा

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण ज्यांच्या घरात जुनी बंदूक आहे, ज्यांच्या वावरात रानडुकरं शिरतात आणि ज्यांची पोरं मोबाईलवर अमेरिकेतले बंदुकांचे व्हिडिओ पाहतात, त्यांनी शेवटपर्यंत वाचावी.

त्या व्हिडिओत एखादा साधा माणूस दुकानात जातो आणि लष्करी रायफलीसारखी दिसणारी रायफल घेऊन बाहेर येतो. ती लष्कराची नसते, तिची नागरी आवृत्ती असते. लष्करी रायफलीचा घोडा दाबून धरला की गोळ्या सुटत राहतात. हिच्यात एका दाबाला एकच गोळी सुटते, पुढची आपोआप नळीत येऊन बसते. यालाच सेमी-ऑटोमॅटिक म्हणतात. मग पोट्टे विचारतात, "अशी आपल्याकडे लायसन्सवर मिळते का?" सरळ उत्तर : नाही. आणि या 'नाही'चा इतिहास वऱ्हाडाला चांगलाच लागून आहे.

१८५७ चं बंड मोडल्यावर इंग्रजांनी दोन गोष्टी ठरवल्या. रयतेच्या हातात हत्यार नको, आणि लष्कराच्या तोडीचं तर मुळीच नको. व्हाइसरॉय लिटनच्या काळात १८७८ चा शस्त्र कायदा आला. परवान्याशिवाय हत्यार बाळगणं गुन्हा झालं. पण नियमांत युरोपियन लोकांना सूट होती. म्हणजे गोऱ्या साहेबाला बंदूक मोकळी आणि गावच्या पाटलाला परवाना! लोकांना खुपलं ते हेच.

आपला वऱ्हाड तेव्हा कागदावर निजामाचा आणि १८५३ पासून कारभारानं इंग्रजांचा. ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे इथं आपोआप लागू होत नसत, वेगळा हुकूम काढून लावले जात. पण राग तोच होता. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसनं शस्त्र कायदा बदला असा ठराव केला. पुढच्या अधिवेशनांतल्या ठरावांत मागणी आणखी नेमकी झाली : नियम सगळ्यांना सारखे लावा, आणि जिथं रानटी जनावरं माणसं, गुरं किंवा पिकं मारतात तिथं परवाने सढळ हातानं द्या. हे पुन्हा एकदा वाचा. सव्वाशे वर्षांपूर्वीची ही मागणी आज दर्यापूर, बार्शीटाकळी किंवा चांदूर रेल्वेच्या कास्तकाराच्या तोंडी जशीच्या तशी शोभते.

डिसेंबर १८९७ मध्ये काँग्रेस अमरावतीत भरली. अध्यक्ष सी. शंकरन नायर, स्वागताध्यक्ष आपले दादासाहेब खापर्डे. त्याच वर्षी जूनमध्ये पुण्यात चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या होत्या आणि टिळक राजद्रोहाखाली तुरुंगात होते. शस्त्र कायदा होता, तरी पिस्तूल चापेकरांपर्यंत पोचलंच. कायद्यानं सामान्य माणूस निःशस्त्र होतो, ज्याला हत्यार वापरायचंच आहे तो ते मिळवतो, हा युक्तिवाद तेव्हापासूनचा आहे. त्यात तथ्य आहे, पण तेवढ्यानं प्रश्न सुटत नाही.

आता 'बोअर'ची गोष्ट. इंग्रजांना भीती फक्त बंदुकीची नव्हती, काडतुसाचीही होती. लष्कराचं काडतूस ज्या बंदुकीत बसतं ती लोकांकडे असली, तर छावणीतून चोरलेला दारूगोळा बंडखोरांच्या कामी येणार. म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला .३०३ आणि .४५० सारखे बोअर खासगी लोकांना बंद झाले. शिकारी साहेबांसाठी मग विलायती कारखान्यांनी वेगळे बोअर काढले. आपल्याकडे पुढं रूढ झालेली .३१५ रायफल त्याच वळणाची. ईशापूरच्या सरकारी कारखान्यातली ही रायफल लष्कराच्या ली-एनफिल्ड धाटणीची, पण काडतूस निराळं. ज्यांच्या घरी आजोबांची .३१५ आहे त्यांच्याकडे खरं तर लष्करी रायफलीची नागरी आवृत्तीच आहे. फक्त ती बोल्ट ओढून, एकेक गोळी भरून चालवायची.

स्वातंत्र्याच्या चळवळीत हत्यार बाळगण्याचा हक्क ही मोठी मागणी होती. १९३१ च्या कराची ठरावातल्या मूलभूत हक्कांच्या यादीत तो नियमांच्या अधीन राहून होता. मग राज्यघटनेत का नाही? डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत हरि विष्णू कामत यांनी तशी दुरुस्ती मांडली. कामत कुठून निवडून गेले होते? मध्यप्रांत व वऱ्हाडातून, म्हणजे आपल्याच प्रांतातून. उत्तर दिलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : हा हक्क सरसकट दिला तर चोर-दरोडेखोरही तोच मागतील. ज्याला वाटेल त्यानं बाजारातून हत्यारं आणायची ठरवली तर राज्य चालवायचं कसं? आणि हक्कापेक्षा, वेळ पडल्यास देशासाठी शस्त्र उचलण्याचं कर्तव्य महत्त्वाचं. दुरुस्ती फेटाळली गेली. आज कलम १९ मध्ये शस्त्राचा उल्लेख आहे तो शांततेनं आणि 'विनाशस्त्र' जमण्याच्या हक्कात.

आमच्या गटांमध्ये काही जण म्हणतात की आजचा कायदा म्हणजे इंग्रजांचाच. अर्धं खरं आहे. १९५९ चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला आणि बोअरची जुनी रेघ त्यानं आणि नियमांनी पुढं चालवली. पण ती रेघ आता गोऱ्यांना सूट देत नाही, आणि ती ठेवायची की नाही यावर आपल्या प्रतिनिधींनी समोरासमोर वाद घालून निर्णय केला. हा फरक छोटा नाही.

आता व्यवहाराचं बोलू.

घोडा दाबून धरल्यावर गोळ्या सुटत राहतील असं हत्यार 'प्रतिबंधित' आहे. २०१६ च्या नियमांत सेमी-ऑटोमॅटिक रायफलीही याच वरच्या वर्गात येतात. शिवाय .३०३ किंवा ७.६२ मिलिमीटरचं लष्करी काडतूस ज्यात चालतं ती रायफल बोल्टची असली तरी त्याच वर्गात. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरचा वर्ग वेगळा, पण लष्करी ९ मिलिमीटर काडतुसाचं पिस्तूल पुन्हा बंद. यासाठी जिल्हाधिकारी किंवा अमरावती शहराचे पोलीस आयुक्त परवाना देऊ शकत नाहीत. तो अधिकार केंद्राचा आहे आणि तो जिवाला गंभीर धोका असलेल्या मोजक्या लोकांसाठी वापरला जातो. "ओळख आहे, करून देतो" म्हणणारा एजंट भेटला तर पैसे सांभाळा.

विनापरवाना प्रतिबंधित हत्यार सापडलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर ७ ते १४ वर्षं कैद आहे. त्याच दुरुस्तीनं एका माणसाकडच्या बंदुकांची मर्यादा ३ वरून २ वर आणली आणि परवान्याची मुदत ३ वरून ५ वर्षं केली. लग्नात हवेत बार काढून कुणाचा जीव धोक्यात घातला तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. वडील वारले आणि बंदूक घरात तशीच राहिली, असं अनेक घरांत होतं. ती ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करावी लागते आणि वारसानं स्वतःचा परवाना मागावा लागतो. 'आजोबांची आठवण' हे कोर्टात उत्तर होत नाही.

आणि ज्याबद्दल कोणी बोलत नाही ते हे. याच १९५९ च्या कायद्याच्या कलम १३ मध्ये पीक राखण्यासाठी भरमार बंदुकीचा, आणि संरक्षणासाठी किमान २० इंची नळीच्या साध्या बंदुकीचा परवाना वेगळा धरला आहे. कायद्यानं नाकारण्यासारखं कारण नसेल तर तो द्यावा, असा त्याचा रोख आहे. म्हणजे १८८० च्या दशकातली ती मागणी आपल्या संसदेनं अंशतः मान्य केलेली आहे. मात्र परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. १९७२ चा वन्यजीव कायदा वेगळा आहे, आणि रोही किंवा रानडुक्कर मारायला वनखात्याची परवानगी लागते. बार काढून हुसकावणं वेगळं, मारणं वेगळं.

म्हणून माझं म्हणणं असं. लष्करी रायफलीची नागरी आवृत्ती भारतात नाही, याचं दुःख करण्यासारखं काही नाही. बाबासाहेबांचा प्रश्न आजही तितकाच खरा आहे आणि अमेरिकेतल्या शाळांमधल्या बातम्या आपण वाचतोच. पण हरभरा-तुरीच्या दिवसांत रात्र रात्र जागलीला जाणाऱ्या कास्तकाराचा अर्ज 'हो' किंवा 'नाही' न म्हणता पडून राहत असेल, तर ते कायद्यात बसत नाही. नाकारायचा असेल तर कारण लेखी द्यावं लागतं आणि त्यावर अपील करता येतं. हे माहीत असू द्या.

ग्रामसभेत, आमदारांसमोर, जिल्हाधिकाऱ्यांच्या दालनात मागायचं तर हेच मागा : पीकसंरक्षणाच्या अर्जावर मुदतीत निर्णय आणि नुकसानभरपाई वेळेवर. रील पाहून कट्टा शोधणाऱ्या पोट्ट्याला मात्र विनापरवाना हत्यार बाळगणं गुन्हा आहे हे सांगा.

कोणाचा पीकसंरक्षणाचा अर्ज किती दिवस पडून आहे, ते तालुक्याच्या नावासकट खाली लिहा.